पाइपाची पाठ

मसाल्याच्या फळीमागे ओल पहिल्यांदा दिसली ती होळीच्या आदल्या दिवशी. पुरणात घालायला जायफळ शोधत होते. डबी भिंतीला चिकटून बसली होती. जरा जोर लावून ओढली, तर डबीबरोबर भिंतीचा चार बोटं रुंद पोपडाच हातात आला. आतला गिलावा काळपट, आणि बोटाने दाबून पाहिला तर भिजलेल्या रव्यासारखा.

"जायफळ मिळालं का गं?" आईंनी बाहेरून विचारलं. (आई म्हणजे माझ्या सासूबाई.) मिळालं होतं. त्यामुळे विषय तिथेच संपला.

आमची बिल्डिंग नौपाड्यातली, १९८३ची. तळमजला अधिक तीन, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये तीन-साडेतीन फुटांची चिंचोळी जागा आहे, तिला सगळे 'मागची गल्ली' म्हणतात. तिथे पाण्याचा पंप आहे, कुणाचा तरी फुटलेला कमोड आहे, मुलं मोठी झाल्यावर टाकून दिलेल्या दोन सायकली आहेत आणि एका मांजरीचा संसार आहे. आणि पाईप आहेत. त्यातले दोन आमच्या भिंतीला खेटून खाली उतरतात. एक संडासाचा, चार इंची. दुसरा मोरीचा, तीन इंची. आमच्या आणि वरच्या दोन्ही मजल्यांच्या मोऱ्या, बेसिनं आणि ओट्याची सिंकं त्यात रिकामी होतात. जुन्या बांधकामात हे दोन वेगळे ठेवायची पद्धत होती. संडासाचा थेट चेंबरला आणि मोरीचा खाली गल्ली ट्रॅपमध्ये (गटाराआधीची, पाणी उभं राहणारी कुंडी), म्हणजे गटाराचा वास उलटा घरात चढत नाही. दोन्ही पाईप बिडाचे. हे सगळं आता मी घडाघडा सांगतेय, पण तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं की मागे पाईप आहेत.

मे महिन्यात रंगारी आणला. त्याने पोपडे खरवडले, पुट्टी भरली, वर काहीतरी महागडं 'डॅम्पप्रूफ' फासलं आणि पाच वर्षांची तोंडी गॅरंटी दिली. तेराव्या दिवशी नव्या रंगाला फोड आले. "अगदी तिथीवर," आई म्हणाल्या. पाणी बाहेरून आत येत असताना आतून कितीही जाड रंग लावला तरी ते त्याच्या मागे साठतं आणि रंगालाच ढकलून देतं, ही साधी गोष्ट मला साडेचार हजार रुपयांना कळली.

मग जून लागला आणि सगळ्यांना एकच उत्तर सापडलं. पाऊस. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, पावसात ठाण्यात कुणाची भिंत कोरडी असते ते मला दाखवा." हे इतकं खरं होतं की मी पुढे बोललेच नाही. ओल होळीत दिसली होती आणि होळीत पाऊस नव्हता, एवढं म्हणायला हवं होतं. सुचलं नाही. जिने चढून घरात आल्यावर सुचलं.

मी ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्स बघते. दोन बाजू जुळत नसल्या की मला त्रास होतो, मग फरक अडीच रुपयांचा का असेना. श्रावणात एका सकाळी डबा भरता भरता पेन्सिल घेतली आणि ओलीच्या कडेने भिंतीवर रेघ ओढली. शेजारी तारीख आणि वेळ. मग सवयच लागली. सकाळी साडेसहाला एक रेघ, नऊला गाडी पकडायला निघताना एक, रात्री आवराआवर झाल्यावर एक. पंधरा दिवसांत ती भिंत भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांच्या नकाशासारखी दिसायला लागली. आमच्या ह्यांनी तिचा फोटो काढून भावाला पाठवला. खाली काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

पण नकाशा बोलत होता. जोराचा पाऊस झाला त्या दिवशी ओल वाढली नव्हती. श्रावणातल्या एका कडक उन्हाच्या रविवारी मात्र ती सगळ्यांत मोठी झाली होती आणि संध्याकाळपर्यंत हटली नव्हती. इतर दिवशी साडेसहा ते नऊ या वेळात फुगायची आणि रात्रीपर्यंत आक्रसायची. म्हणजे नळाचा पाईप नव्हे. नळाच्या पाइपात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चोवीस तास उभं असतं, तो फुटला तर रात्रंदिवस सारखा गळतो. जे फक्त वापराच्या वेळी गळतं ते सांडपाणी. रविवारी कोण काय वापरतं हे ओळखायला फार डोकं लागत नाही. भिंतीला नाक लावलं. लिंबाच्या साबणाचा वास.

म्हणजे कुणाच्या तरी आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी माझ्या हळद-तिखटाच्या मागे येत होतं. आता प्रश्न, कुणाच्या? आणि इथून पुढचा भाग माझ्या बाजूने फारसा शोभेचा नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आमच्या बरोब्बर वर. मी त्यांना थेट काही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की, काकू, तुमच्या मोरीतल्या लाद्यांच्या सांधी एकदा बघून घेता का? सोसायटीत राहणाऱ्या माणसाला यापेक्षा थेट बोलता येत नाही. काकूंनी दोन दिवस घर अडवून सगळ्या सांधी नव्याने भरून घेतल्या, सहा हजार रुपये घालवले. भिंतीवर ढिम्म फरक नाही. त्यानंतर श्रावणी सोमवारी त्यांच्याकडून येणारी वालाच्या बिरड्याची वाटी बंद झाली. आईंनी एकदाच विचारलं, "बिरडं नाही आलं यंदा?" आणि माझ्याकडे पाहिलं.

गणपतीत काकूंचं अख्खं घर मालवणकडे गावी गेलं. अकरा दिवस कुलूप. मी रेघा ओढतच होते. ओल निम्म्यावर आली, पण सुकली नाही. हा पुरावा माझ्या पेशाला साजेसा होता. दुसरा मजला बंद असताना ओल निम्मी, उघडा असताना पूर्ण, म्हणजे पाणी दोन्ही मजल्यांचं आहे. आणि दोन्ही मजल्यांचं पाणी जिथे एकत्र होतं ती जागा कुणाच्याच घरात नाही. ती मागच्या गल्लीत आहे.

खात्री करायला तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथलं जोडपं तरुण, घरात दीड वर्षाची मुलगी, कपड्यांचं मशीन दिवसातून दोनदा चालतं. आधी बादलीभर नीळ कालवून त्यांच्या मोरीत ओतली. काही झालं नाही. मग त्या मुलीच्या आईने कपाटातून रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग काढला. तो ओतला. दोन तासांनी माझ्या भिंतीवरच्या नकाशात एक गुलाबी समुद्र उगवला. "झालं भिंतीचं हळदीकुंकू," आई म्हणाल्या. असली चाचणी तुम्हाला करायची झालीच तर भिंत पुन्हा रंगवायची तयारी ठेवा. आणि तो रंग हातालाही चार दिवस राहतो. ऑफिसात मी बीट किसलं म्हणून सांगितलं.

काकू गावाहून परत आल्या त्या संध्याकाळी वर जाऊन त्यांना सगळं सांगितलं, गुलाबी फोटोसकट. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि मालवणी खाज्याची पुडी आणून माझ्या हातात ठेवली. सहा हजारांचा विषय दोघींनीही काढला नाही. (तो पुढे मिटिंगमध्ये त्यांनीच काढला, आणि बरोबर केलं.)

प्लंबर मिळाले ते ऑफिसातल्या मैत्रिणीकडून. मूळचे ओडिशातले, केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडाईचे. आपल्याकडचे कितीतरी प्लंबर त्याच भागातून येतात. तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे. हे बावीस वर्षांपासून कळव्यात राहतात आणि मराठी आमच्यापेक्षा सावकाश आणि नीट बोलतात. आले, भिंत पाहिली, रेघा पाहिल्या आणि विचारलं, "ताई, हे कोणी लिहिलं?" मी म्हटलं, मी. "बरं केलं. आता मला भिंत फोडायला नको."

मागच्या गल्लीत उभं राहून आम्ही दोघांनी वर पाहिलं. मोरीचा पाईप दिसायला ठणठणीत. चॉकलेटी ऑइलपेंटचे तीन थर, वर्षानुवर्षं सोसायटीने नेमाने लावलेले, हिशेबाच्या वह्यांत त्यांची बिलं आहेत. कुठे चीर नाही, ओघळ नाही. सेक्रेटरीही खाली आले होते. ते म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो."

प्लंबरदादांनी मला विचारलं, "ताई, छोटा आरसा आहे का घरात?"

गजरा माळल्यावर अंबाडा मागून बघायला माझ्याकडे एक हातातला आरसा आहे, गोल, प्लास्टिकच्या मुठीचा. तो दिला. त्यांनी तो सुतळीने पोछ्याच्या दांड्याला बांधला, शिडी लावली, वर चढले आणि आरसा पाईप आणि भिंत यांच्या मधल्या फटीत सरकवला. फट जेमतेम दोन बोटांची. दुसऱ्या हातात मोबाईलचा टॉर्च. दांडा वरखाली करत दोनेक मिनिटं गेली. मग खाली उतरले आणि म्हणाले, "तुम्ही बघा."

मी साडीत नव्हते म्हणून बरं. शिडीवर चढले. आरशात आधी नुसतीच माझी भुवई दिसली. मग कोन जमला.

पाइपाची पाठ. तिला आयुष्यात कधी रंग लागलेला नव्हता. ब्रश तिथे पोहोचतच नाही. पुढून गुळगुळीत चॉकलेटी असलेला पाईप मागून खारी बिस्किटासारखा होता, एकावर एक सुटलेले पापुद्रे, तांबडे-काळे, बोट लावलं की गळतील असे. आणि त्या पापुद्र्यांमधून दुसऱ्या मजल्याच्या जोडापासून खाली, हातभर लांब, उभी चीर. वरच्या टोकाला केसाएवढी, खालच्या टोकाला जुनं आठ आण्याचं नाणं उभं शिरेल एवढी. आम्ही बघत असतानाच वर कुणीतरी मोरीत पाणी ओतलं. पाईप आतून गडगडला आणि त्या चिरेतून पाण्याचा पातळ पडदा बाहेर येऊन थेट भिंतीला टेकला. एक थेंब खाली पडला नाही. सगळं भिंतीने पिऊन टाकलं. म्हणूनच गल्लीतून इतकी वर्षं कुणाला काही दिसलं नव्हतं.

दादांनी वर जाऊन स्क्रूड्रायव्हरने चिरेची कड खरवडली आणि त्याचा चुरा माझ्या तळहातावर ठेवला. "लोखंड आहे का हे, सांगा." चोळून पाहिलं तर काळं, मऊ, बोटावर चमक सोडणारं. पेन्सिलीच्या शिशासारखं. आणि ते खरंच तेच होतं. बिडात लोखंडाबरोबर कार्बन असतो, ग्राफाइटच्या रूपात. वर्षानुवर्षं साबणाचं, मोरीचं पाणी आणि ओल लागून लोखंड गंजून निघून जातं आणि मागे ग्राफाइटचा सांगाडा राहतो. आकार तसाच, जाडी तशीच, वरचा रंग तसाच. ताकद नाही. सुरीने कापता येतो म्हणे असा पाईप. मी सुरी आणायला निघाले होते, ह्यांनी अडवलं.

तिसऱ्या मजल्याच्या जोडात पिंपळाचं रोप होतं, वीतभर. ते खालून सगळ्यांना दिसायचं. पिंपळ म्हणून कुणी हात लावायचं नाही. वर गच्चीपाशी पाइपाचं उघडं तोंड कबुतरांनी काड्या भरून बुजवलेलं. त्यामुळे आणखी एक कोडं सुटलं. आमच्या मोरीत वर कुणी बादली ओतली की गुडगुड असा आवाज यायचा आणि मग वास. पाइपाला वरून हवा मिळाली नाही तर खाली धावणारं पाणी हवा ओढायला दुसरी वाट शोधतं, म्हणजे आपल्या लादीखालच्या ट्रॅपमधून. तिथे वास अडवायला जे दोन इंच पाणी उभं असतं तेच ओढलं जातं.

त्या ट्रॅपबद्दल जाता जाता. प्लंबर लोक त्याला 'नानी ट्रॅप' म्हणतात, मला वाटायचं कुणाच्या तरी आजीवरून. तो आहे न्हाणी ट्रॅप. आपली न्हाणी. इंग्रजी कॅटलॉगातही हाच शब्द, इंग्रजी अक्षरांत. घरोघरी आपण बाथरूम म्हणायला लागलो आणि न्हाणी उरली ती फक्त लादीखाली.

मिटिंग झाली गच्चीवर, रविवारी, बारापैकी नऊ घरं हजर. तळमजल्यावरच्या दोन घरांचं म्हणणं असं की आमच्या मोऱ्यांचं पाणी थेट बाहेर जातं, आम्ही या पाइपात थेंब सोडत नाही, आम्ही पैसे का द्यावेत? पुढच्या बाजूच्या घरांचं म्हणणं, हा मागच्या लाइनचा प्रश्न. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं भाड्याने राहणारं, ते गप्प. मग कुणीतरी म्हणालं की ज्यांच्या भिंतीला ओल त्यांनी बघावं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उपविधींची प्रत घेऊन गेले होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे सरळ लिहिलेलं आहे. बाहेरचे सामाईक पाईप आणि सांडपाण्याच्या लाइनी, त्यातून होणारी गळती, यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने. घरातल्या संडास-सिंकमुळे होणारी गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने. मी वाचून दाखवलं. त्यानंतर आरशाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरवला. कायद्यापेक्षा खारी बिस्किटाने जास्त काम केलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी चष्मा वर सरकवून फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "दुसऱ्या पाइपाची पाठ कुणी बघितलीय का?"

नव्हती बघितली. आजोबा नळजोडणीच्या बाबतीत भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहेत, पण त्या दिवशी सगळ्यांत उपयोगाचा प्रश्न त्यांनीच विचारला. दुसऱ्या दिवशी आरसा पुन्हा दांड्याला बांधला. संडासाच्या पाइपाची पाठ मळकट निघाली, पण धड. तो दोन इंच पुढे बसवलेला आहे, मागे वारा खेळतो. त्याला दोन वर्षं दिली. खारघरला राहणारी माझी बहीण म्हणते तुम्ही एकदम दोन्ही बदलायला हवे होते, परांची एकदाच बांधावी लागते. बरोबर आहे तिचं. पण फंडात होते तेवढे पैसे होते.

कोटेशनं तीन आली. एकसष्ट हजार पाचशे, अठ्ठेचाळीस हजार आणि एकोणचाळीस हजार. कमिटीचा कल एकोणचाळीसकडे, साहजिकच. मी विचारलं, नऊ हजारांचा फरक कुठल्या ओळीत आहे? मजुरी तीच, परांची तीच. फरक पाइपात होता. आणि मी शनिवारी दादांबरोबर स्टेशनकडच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात गेले.

दुकानदाराने दोन तुकडे काउंटरवर ठेवले. दोन्ही करड्या रंगाचे, दोन्ही ११० मिलिमीटरचे, म्हणजे चार इंची, दोन्हींवर आयएस १३५९२ हा मानकाचा क्रमांक छापलेला. एकावर पुढे टाइप ए, दुसऱ्यावर टाइप बी. ए हा पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपाला, बी हा मोरी-संडासाच्या पाण्याला. ११०मध्ये ए-ची जाडी कमीत कमी २.२ मिलिमीटर, बी-ची ३.२. लांबून कुणाला कळणार नाही. कडेवर नख फिरवलं की लगेच कळतं. एकोणचाळीस हजारवाल्याने आपल्या कागदावर नुसतं 'पीव्हीसी पाईप ४ इंची' एवढंच लिहिलं होतं. खोटं काही लिहिलं नव्हतं त्याने.

तीन इंचीच्या जागी चार इंची का, हेही मिटिंगमध्ये विचारलं गेलं. कारण १९८३मध्ये या बिल्डिंगीत कपड्यांचं एकही मशीन नव्हतं. मोरीत बादली ओतली तर पाणी टप्प्याटप्प्याने जातं. मशीन पंपाने ढकलून सोडतं, तेही फेसासकट. घरातून येणारे फाटे ७५चे ठेवले, उभा पाईप ११०चा.

काम तीन दिवस चाललं, माघातल्या थंडीत. बांबूची परांची एका सकाळी उभी राहिली, काथ्याने बांधलेली. ती बांधणारा मुलगा अनवाणी वर चढत होता आणि मी खिडकीतून सारखी "जपून रे" म्हणत होते, त्याचं लक्ष जात असेल ते माझ्यामुळेच. ग्रुपवर मेसेज टाकला होता. तिन्ही दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मागच्या मोऱ्या, सिंकं बंद, आंघोळी आठच्या आत. सगळ्यांनी अंगठे दाखवले. पहिल्या दिवशी सगळे पहाटे उठले, गरम पाण्याचे गिझर एकदम लागले आणि मीटरच्या खोलीतला फ्यूज उडाला. तो वेगळा विषय.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, जुना पाईप दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरवलेला, दादांचा मदतनीस खाली बिडाचे तुकडे एकावर एक रचत होता आणि वरून अचानक फेसाळ पाण्याची धार. मुलगा नखशिखांत लिंबाच्या वासाचा. तिसऱ्या मजल्यावर धावत गेलो तर दाराला कुलूप, आत मशीन चालू. आदल्या रात्री टायमर लावून ठेवलेला, विसरलेला. मेन स्विच बंद केला. ती बिचारी संध्याकाळी त्या मुलासाठी नवा टीशर्ट घेऊन आली. त्याने तो दुसऱ्या दिवशी घालून आणला, कामावर मळवायला नको म्हणून शर्टाच्या आत.

बिडाचे जोड कसे असतात ते तेव्हा पाहिलं. एका पाइपाच्या तोंडात दुसरा बसवायचा, फटीत काथ्या ठासायचा आणि वर वितळवलेलं शिसं ओतायचं. प्रत्येक जोडातून शिशाचं एक जाड कडं निघत होतं, मनगटाएवढं नाही, दंडातल्या वाकीपेक्षा मोठं, आणि उचलताना हात खाली जाईल इतकं जड. मदतनीस ती कडी बाजूला, बादलीआड ठेवत होता. भंगारात शिशाचा भाव बिडाच्या कितीतरी वर असतो हे त्याला माहीत होतं आणि सेक्रेटरींनाही. अर्धा तास त्यावर बोलणी झाली. शेवटी बीड सोसायटीचं, शिसं कामगारांचं. मला एक कडं टेबलावर ठेवायला हवं होतं, पण शिसं घरात नको म्हणून आईंनी दारातच अडवलं. हात धुऊन मगच आत ये, म्हणाल्या.

नव्या पाइपाचा प्रत्येक तुकडा बसवताना दादा एक गोष्ट करायचे ती मला फार आवडली. पाइपाचं टोक कानशीने जरा निमुळतं करायचं, रबराच्या रिंगला साबण चोळायचा, पाईप खालच्या तोंडात पुरता टेकेपर्यंत दाबायचा, कडेला पेन्सिलने खूण करायची, आणि मग पाईप पुन्हा सेंटीमीटरभर वर ओढायचा. मी विचारलं, इतका ठोकून बसवलेला वर का ओढता? "ताई, हा वाढतो ना." पीव्हीसी उन्हाने लोखंडाच्या पाच-सहापट जास्त पसरतं. तीन मीटरचा पाईप पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर सहा मिलिमीटर लांब होतो. जागा ठेवली नाही तर तो वाकतो किंवा जोड फोडतो. ती पेन्सिल माझीच होती, भिंतीवरची. कानामागे लावून ते तिसऱ्या मजल्यापर्यंत घेऊन गेले आणि परत दिली.

मी एकच हट्ट धरला. पाईप भिंतीपासून दोन इंच सुटा हवा, माझा हात मागून फिरला पाहिजे. त्यासाठी लांब पायाचे क्लॅम्प आणावे लागले, साडेसातशे रुपये वाढले. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला, पण सही केली. प्रत्येक मजल्यावर झाकणवाला टी-आकाराचा जोड बसवला, पाईप तुंबला तर उघडून बघता येतं. खाली गल्ली ट्रॅपकडे वळताना एका काटकोनी एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड घातले, पाणी आपटत नाही, घसरत जातं. गल्ली ट्रॅप उपसला तेव्हा केसांचे गोळे, साबणाचा चिखल आणि शाम्पूच्या सतरा पुड्या निघाल्या. मी मोजल्या. कुणाच्या ते विचारायचं नाही असं ठरलं. वर पाइपाला जाळीची टोपी घातली, कबुतरं दोन दिवस तिच्यावर बसून विचार करत होती.

पिंपळाचं काय करायचं यावर काकूंनी मार्ग काढला. मुळासकट जपून काढून घेतला, कुंडीत लावला आणि गावी नेऊन ओढ्याकाठी लावायला ठेवलाय. मुळं पाइपाच्या आत कोपरभर लांब गेली होती, केसांच्या वेणीसारखी.

काकूंचे सहा हजार सोसायटीने परत दिले नाहीत. उपविधी माझ्याच हातात होते, त्यात बसत नव्हतं. मी अर्धे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. यंदा श्रावणात बिरडं येतं का बघायचं.

भिंत अजून रंगवलेली नाही. दादांनी बजावलंय, आतली ओल पूर्ण निघाल्याशिवाय हात लावायचा नाही, नाहीतर पुन्हा तेच फोड. मी फळी काढून ठेवलीय, मसाले डायनिंग टेबलावर आलेत, रात्री पंखा भिंतीकडे तोंड करून लावते. आता आठवड्याला एकच रेघ ओढते, आतल्या बाजूला. महिन्याभरात ओल ताटाएवढी होती ती वाटीएवढी झाली. गुलाबी रंग मात्र जसाच्या तसा आहे. रंगारी पाडव्यानंतर येणार, तोच, गॅरंटीवाला. मी त्याला गॅरंटीची आठवण करून दिली तर म्हणाला, ती रंगाची होती, पाइपाची नव्हती.

आरसा शेजारच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी दांड्यासकट नेलाय, त्यांच्या मागच्या भिंतीलाही ओल आहे. तीन आठवडे झाले. परवा एका लग्नाला जायचं होतं, गजरा ह्यांना मोबाईलवर फोटो काढायला लावून बघितला.